गुंजवणे, कारी आणि मधलं खोरं

मावळ म्हटलं की आपल्याला गड आठवतात. राजगड, तोरणा, रोहिडा... पण जुने कागद चाळले की मावळ म्हणजे खोरं असं लक्षात येतं. गुंजवणी नदीच्या काठचं ते गुंजण मावळ, कानंदीच्या काठचं कानद खोरं, भोरच्या बाजूला हिरडस मावळ, रोहिड खोरं, वेळवंड खोरं. प्रत्येक खोऱ्याला आपापले देशमुख. गुंजण मावळात शिळीमकर, कानद खोऱ्यात मरळ, हिरडस मावळात बांदल, आणि रोहिड खोऱ्यात दोन घराणी, कारीचे जेधे आणि उत्रौलीचे खोपडे.

ही नावं शाळेपासून वाचलेली होती. पाठही होती म्हणा ना! पण त्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला कळलं ते सायकलवर. त्याचीच ही गोष्ट.

पुण्याहून गुंजवण्याला जायचा नेहमीचा रस्ता असा. कात्रजचा जुना घाट चढायचा, पलीकडे खेड-शिवापूर, मग चेलाडी फाट्याला हायवे सोडून उजवीकडे नसरापूर. हायवे सोडला की कानाला एकदम शांत वाटतं. नसरापूरला बनेश्वराचं देऊळ आहे, नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. भोवती दाट झाडी. पाणी भरून घ्यायला आणि पाय मोकळे करायला याच्यासारखी जागा नाही. पुढे मार्गासनी. तिथे फाटा फुटतो: एक रस्ता विंझर-वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याला, आणि दुसरा साखरमार्गे गुंजवण्याला. साखर सोडलं की राजगड अंगावर येतो. समोर पद्मावती माची, डावीकडे सुवेळा. साधारण साठ किलोमीटर होतात. परत यायचंही असतं हे विसरायचं नाही :)

या रस्त्याची गंमत म्हणजे नसरापूरपासून पुढे मोठा चढ असा नाहीच. रस्ता बराचसा नदीच्या सोबतीने जातो. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये भातखाचरं, कडेने करवंदाच्या जाळ्या आणि वर रान. खोऱ्यातल्या खोऱ्यात फिरायला गिअरसुद्धा फारसे बदलावे लागत नाहीत. पण एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं म्हटलं की खिंड आली. विंझरहून पाबे खिंडीने खानापूरकडे उतरायचा बेत करून बघा. दम म्हणजे काय ते तिथे कळतं. नकाशावर दोन गावं शेजारी-शेजारी दिसतात, आणि मांड्या सांगतात की ती वेगळ्या मुलखातली आहेत.

मला वाटतं, देशमुखी का टिकल्या याचं अर्धं उत्तर या चढांत आहे. खोऱ्याच्या आत सोयरीक, बाजार, भांडण, सगळं. खोऱ्याच्या तोंडाशी बसलेला देशमुख सारा गोळा करणार, आणि विजापूरचा बादशहा असो की आणखी कोणी, तो या देशमुखांमार्फतच राज्य करणार. शिवाजीमहाराजांनी १६४६-४७ च्या सुमारास तोरणा घेतला, मुरुंबदेवाच्या डोंगराला तटबंदी घालून त्याचा राजगड केला, आणि पुढची जवळपास पंचवीस वर्षं तिथून कारभार केला. पण नुसता गड हातात असून काय उपयोग? खालची खोरी आपली हवीत. आणि खोरी आपली म्हणजे देशमुख आपले.

याची खरी परीक्षा झाली १६५९ साली. अफजलखान विजापूरहून निघाला आणि वाईला येऊन बसला. वाई त्याच्या ओळखीची, पूर्वी त्याने तिथला कारभार पाहिलेला. आता सायकलवाल्याच्या नजरेने बघा. रोहिड खोऱ्याच्या दक्षिणेला रायरेश्वराची रांग आहे, आणि त्या रांगेपलीकडे वाईचं खोरं. म्हणजे कारीच्या माणसाच्या दृष्टीने खान एका डोंगरापलीकडे आला होता! राजगड उत्तरेला, खान दक्षिणेला, आणि आपलं घर मधोमध.

त्या जून महिन्यात विजापूरहून कान्होजी जेध्यांना फर्मान आलं. खानाला सामील व्हा, नाही तर परिणाम भोगा, असा त्याचा अर्थ. कान्होजी ते फर्मान आणि आपले पाच मुलगे घेऊन राजगडावर गेले. जेध्यांच्या घरच्या करीन्यात पुढची हकीकत आहे. महाराजांनी त्यांना सांगितलं की तुमच्या शेजारचे खोपडे खानाकडे गेले, तुम्हीही जा, नाही तर वतनाला मुकाल. त्यावर कान्होजींनी पाणी हातात घेऊन वतनावर सोडलं. मग महाराजांनी त्यांना कुटुंब कारीहून हलवून दूर तळेगावाला ठेवायला सांगितलं.

ही गोष्ट आपण निष्ठेची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण त्यातलं कुटुंब हलवण्याचं वाक्य मला जास्त लागतं. भातलावणीचे दिवस, पावसाळा तोंडावर, आणि बायका-मुलं घेऊन घर सोडायचं. त्याच वर्षी सप्टेंबरात राजगडावर सईबाई गेल्या. महाराज तेव्हा जावळीत, प्रतापगडाच्या बाजूला. १० नोव्हेंबरला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता खोपडे. उत्रौली भोर गावाच्या अगदी जवळ. कारी त्याच खोऱ्यात पुढे, आंबवड्याच्या वाटेने रायरेश्वराकडे जाताना. दोन्ही गावं एका सकाळीत सायकलवर होतात, मध्ये थांबून चहा पिऊनसुद्धा. एकाच खोऱ्याची देशमुखी, दोन घराणी, म्हणजे चुरस असणारच. खंडोजी खोपडे खानाकडे गेले. खान मारला गेल्यावर ते लपतछपत राहिले आणि शेवटी रदबदलीसाठी हैबतराव शिळीमकरांकडे पोचले. हे हैबतराव म्हणजे गुंजण मावळचे देशमुख, आणि खोपड्यांचे सोयरे. हैबतरावांनी कोणाला गळ घातली असेल? कान्होजी जेध्यांना!

म्हणजे ज्याने वतनावर पाणी सोडलं, त्यालाच वतनासाठी पलीकडे गेलेल्या शेजाऱ्याचा जीव मागायची वेळ आली. आणि कान्होजींनी तो मागितला. महाराजांनी जीव न घेण्याचं वचन दिलं आणि पाळलं. पण पुढे खंडोजींचा उजवा हात आणि डावा पाय तोडायची शिक्षा झाली.

मी हा प्रसंग लहानपणी वाचला तेव्हा मला त्यात फक्त शिक्षा दिसली होती. फितुराला बरी अद्दल घडली, एवढंच. गुंजवण्याहून निघून, नसरापूरला परत येऊन, कापूरहोळवरून भोर आणि पुढे आंबवडे असा रस्ता दोन दिवसांत केला, तेव्हा त्यातली माणसं दिसायला लागली. शिळीमकर, जेधे, खोपडे ही आपल्याला पुस्तकातली तीन नावं. तिथे ती एकमेकांच्या लग्नाकार्याला जाणारी तीन घरं होती. सोयरीक एका बाजूला, राजा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये माणसाला भाकरी देणारी जमीन. हैबतराव स्वराज्याच्या बाजूचे, तरी सोयऱ्यासाठी शब्द टाकायला ते कचरले नाहीत. कान्होजींनीही तो शब्द खाली पडू दिला नाही. मला तर ही गोष्ट वतनावर पाणी सोडण्याइतकीच मोठी वाटते.

आणखी एक. ही हकीकत आपल्यापर्यंत आली ती जेध्यांच्या दप्तरातून. खोपड्यांच्या घरी हीच गोष्ट म्हाताऱ्या माणसांनी नातवंडांना कशी सांगितली असेल, असा विचार उत्रौलीच्या जवळून जाताना मनात आल्याशिवाय राहत नाही. घरात कागद जपून ठेवणं ही लहान गोष्ट नाही. कारीच्या याच जेध्यांकडून लोकमान्य टिळकांना शकावली मिळाली आणि १९१६ साली ती छापली गेली. महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, असं तीत होतं. त्यावर पुढे कितीतरी वर्षं वाद झाले, आणि आज सरकारी शिवजयंती त्याच तारखेला होते. डोंगराच्या कुशीतल्या एका घराने जपलेल्या कागदामुळे! आंबवड्याला कान्होजींची समाधी आहे. गाडीतून जाणाऱ्याला ती लक्षातही येत नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. त्याच वर्षी वेल्हे तालुक्याचं नावही राजगड झालं. दोन्ही गोष्टींचा आनंद आहे. गुंजवण्यात पिठलं-भाकरी करून वाढणाऱ्या घरांना चार पैसे जास्त मिळाले तर चांगलंच. फक्त एक धाकधूक वाटते. रस्ते रुंद होतील, गाड्या थेट पायथ्याला लागतील, लोक चोरदरवाज्याने चढतील, फोटो काढतील आणि परततील. तालुका राजगड, यादीत राजगड, आणि गुंजण मावळ हा शब्द मात्र हळूहळू कोणाच्या तोंडी राहणार नाही. कानद खोरं तर आत्ताच किती जणांना सांगता येईल?

गड खोऱ्याच्या जिवावर उभा होता. धान्य खालून, माणसं खालून, खानाचा धोका आधी खालच्यांना. त्यामुळे मंडळी, पुढच्या वेळी राजगडाला गेलात तर एक दिवस जास्त काढा. सायकल असेल तर उत्तम, नसेल तर एसटी. गुंजवणे पाहा, भोरला मुक्काम करा, सकाळी लवकर कारीला निघा. ऑक्टोबरात गेलात तर भात पिवळं पडलेलं असतं आणि ऊनही फार लागत नाही. वाटेत कोणी म्हातारं माणूस भेटलं तर त्याला फक्त एवढंच विचारा, "बाबा, हे कुठलं खोरं?"

उत्तर येतं अजून. आहे तोवर ऐकून घ्या.