तापमान ताशी किती अंशांनी बदलतंय? असं काढा

हवामानाचं ॲप आत्ताचं तापमान दाखवतं. ते किती वेगाने उतरतंय, हे आपल्याला काढावं लागतं. थंडीत हा आकडा फार कामाचा आहे. निफाडकडे पारा खूप खाली गेला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. अशी तयारी करायची का, हे वेळेत कळायला हवं.

सूत्र

(नंतरचं तापमान − आधीचं तापमान) ÷ मधले तास

समजा, माझ्या गावी, माकणीला, डिसेंबरमध्ये संध्याकाळी ६ ला २६ अंश आणि रात्री ८:४० ला २० अंश सेल्सिअस नोंदवलं. फरक −६. वेळ २ तास ४० मिनिटं, म्हणजे २.४० नव्हे, २.६७ तास, कारण मिनिटांना ६० ने भागायचं. उत्तर: ताशी −२.२५ अंश. वजा चिन्ह म्हणजे घसरण.

मोबाईलवर स्प्रेडशीट वापरत असाल तर दोन वेळांची वजाबाकी दिवसाच्या भागात येते. तिला २४ ने गुणा, तास मिळतील. मध्यरात्र ओलांडणार असाल तर वेळेसोबत तारीखही लिहा, नाहीतर तास उणे येतील.

हाच दर रात्रभर धरू नका

−२.२५ पुढचे ९ तास धरला तर पहाटे ५:४० ला तापमान शून्याखाली जाईल! समजा, तेव्हा प्रत्यक्षात १२.८ अंश भरलं. मग त्या ९ तासांचा दर फक्त −०.८ येतो. सूर्य मावळताना जमीन झपाट्याने थंड होते, पुढे वेग मंदावतो. दव पडायला लागलं की वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून घसरण आणखी हळू होते. त्यामुळे दर तासाला नोंद घ्या आणि प्रत्येक तासाचा दर वेगळा काढा.

नोंद कुठली घ्यायची?

फोनमधलं बॅटरीचं तापमान हवेचं नसतं. ॲपचा आकडाही बहुतेक वेळा काही किलोमीटरच्या पट्ट्याचा अंदाज असतो. माकणीला निम्न तेरणा धरण आहे. पाणी हवेपेक्षा खूप सावकाश थंड होतं, त्यामुळे काठावरचं शेत आणि लांबचं माळरान यांचा दर वेगळा येऊ शकतो. साधा डिजिटल थर्मामीटर सावलीत, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर टांगा आणि त्याचेच आकडे सूत्रात घाला.