व्हिंटेज कशाला म्हणायचं

चाकणच्या कारखान्यांतली तरुण मुलं रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून रेडिओ उचलतात आणि तसाच माझ्या चिंचवडच्या दुकानात आणतात. पहिला प्रश्न ठरलेला : "काका, व्हिंटेज आहे ना?" तीस वर्षं भरली की माल व्हिंटेज, हा बाजाराचा हिशेब. मला तो पटत नाही. 2000च्या आगेमागेची प्लॅस्टिकची होम थिएटरं लवकरच तिशीत येतील. त्यांनाही हा मान द्यायचा?

आमच्याकडे 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को, बजाज. विविध भारती 1957 पासून होतीच. दिवाळीचा बोनस हातात पडला की घरात रेडिओ यायचा : मर्फी, बुश, फिलिप्स, नेल्को. शिवाय त्यासाठी पोस्टातून लायसन्सचं पुस्तक काढावं लागायचं. ते पुस्तक कुणी सेटबरोबर आणलं तर मी आधी तेच उघडतो. सेट कधीचा, हे मालकाच्या आठवणीपेक्षा पोस्टाचे शिक्के बरोबर सांगतात. मागच्या पाटीवर 'पीको' दिसलं तर तोही फिलिप्सच, पण 1973च्या फेरा कायद्यानंतरचा. परदेशी भांडवल कमी करावं लागलं आणि काही वर्षं कंपनीचं नावच पालटलं.

व्हॉल्व्हचा सेट मी थेट प्लगात घालत नाही. आधी शंभर वॉटचा सिरीज बल्ब. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. ढणढणत राहिला तर आत शॉर्ट आहे, हात आखडायचा. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट जातं. मग स्पीकर 'घूं' करतो, म्हणजे फिल्टरचे कंडेन्सर वाळलेत. ते बदलले की आवाज मोकळा होतो. डायलचा दोरा तुटला असेल तर नवा ओवायचा. पुली सुटली की पुन्हा पहिल्यापासून. एवढं करून सेट बोलतो, कारण आतला प्रत्येक पार्ट डोळ्यांना दिसतो, डागानं सुटतो आणि त्याच्या जागी दुसरा बसतो.

व्हिंटेजची माझी कसोटी एवढीच. एसी 128 ट्रान्झिस्टरवाले सेट तिच्यात बसतात. फिलिप्सने 1963 साली आणलेल्या कॅसेटवर चालणारे टू-इन-वनही बसतात. बेल्ट आणि पिंच रोलर मिळाला म्हणजे झालं. एसटीके आयसीच्या ॲम्प्लिफायरपाशी मी अडखळतो. अख्खं पॉवर सर्किट एका ठोकळ्यात, आणि बाजारात त्याचे नकली नग इतके की नवा लावून आठवड्यात गिऱ्हाईक परत दारात. तरी त्यांना मी आत घेतो, जरा नाइलाजाने. त्यानंतरच्या बारीक पार्टांच्या बोर्डांना नाही.

हल्ली काही जण मर्फीची लाकडी पेटी रिकामी करून आत ब्लूटूथ बसवून मागतात. पैसे चांगले मिळतात. मी काम घेतो, पण काढलेली चासी व्हॉल्व्हसकट माझ्याकडे राहील, हे आधीच बोलून घेतो.