पनवेलची तळी आणि मत्स्यरोगांची ओळख

वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे, लेंडाळे ही तळ्यांची नावे नुसती उच्चारली तरी जुन्या पनवेलकराच्या डोळ्यांपुढे गावाचा नकाशा उभा राहतो. येथे १८५२ साली नगरपालिका स्थापन झाली, तेव्हा दप्तर काही नवे नाही. परंतु तळ्याची सरकारदरबारी नोंद होते ती पाण्यासाठी, गाळासाठी आणि लिलावासाठी, आणि त्या पाण्यातला मासा आजारी पडला ही गोष्ट वसुलीच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. म्हणून मत्स्यरोग ओळखण्याच्या विद्येचा पूर्वेतिहास दप्तरात शोधण्यापेक्षा काठावर बसणाऱ्यांच्या नजरेत शोधावा लागतो.

आपल्याकडे मत्स्यविषयक लेखन नव्हते असे मुळीच नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने इसवी सन ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लासा’त माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य आणि गळ टाकण्याची रीत यांचे साक्षेपी वर्णन आहे. पण तो राजाचा विनोद. पनवेल, पेण, अलिबागच्या खारपट्टीत, पावसाळ्यात खाडीतून धरलेली जिताड्याची पिल्ले घराशेजारच्या तळ्यात सोडून वाढवणाऱ्या शेतकऱ्याचा तो संसार होता, आणि त्याला रोगी मासा ओळखणे भाग होते.

ही ओळख वर्तनावरून होई, कारण तळ्यातला मासा वरूनच दिसतो आणि त्याची कूस पाण्यात लपलेली असते. पहाटे सगळे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू मिटू लागले आणि ऊन चढताच खाली गेले, तर तो रोग नव्हे. रात्रभरात पाण्यातील प्राणवायू सरला, एवढाच त्याचा अर्थ. उलट एखादाच मासा कळप सोडून काठाला लागला, मध्येच उसळी मारून दगडावर अंग घासू लागला, खाद्याकडे फिरकेनासा झाला, तर त्याच्या अंगावर काहीतरी बसले आहे असे समजावे. हा भेद करणारी नजर ज्याने कमावली त्याला मी वैद्यच म्हणेन.

१९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाले; पुढे घरोघरी काचेच्या पेट्या आल्या आणि जी कूस तळ्यात कधी दिसली नव्हती ती बोटाच्या अंतरावर आली. परांवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले. हे ठिपके पाडणारा सूक्ष्म जीव कातडीखाली वाढतो, तळाशी गळून कोष करतो आणि त्यातून शेकडो पिल्ले नव्या माशाच्या शोधात पोहू लागतात. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या अवस्थेवरच. ठिपके गेले म्हणून औषध थांबवणारा माणूस फसतो तो या क्रमाच्या अज्ञानामुळे.

दुसरे स्थित्यंतर १९५७ चे. त्या वर्षी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या टोचणीने कार्पमाशांचे प्रजनन घडवले, आणि नदीतल्या जिऱ्यावर, म्हणजे माशांच्या नवजात पिल्लांवर, अवलंबून असलेला रोहू, कटला, मृगळ यांचा व्यवसाय उबवणकेंद्रांकडे वळला. बीज दूरवर जाऊ लागले. बोटुकलीबरोबर, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाबरोबर, तिच्या अंगावरचे प्रवासीही जाऊ लागले. १९८८ साली ईशान्य भारतात शिरलेल्या व्रणरोगाने मरळीसारख्या माशांच्या अंगावर लाल, खोल जखमा पाडल्या आणि तो पुढे देशभर पसरला. विषाणू, जिवाणू यांच्यावर संशय घेऊन झाल्यावर मूळ अपराधी एक पाण्यातली बुरशी ठरली.

खारपट्टीला मात्र एक उपाय जन्मजात लाभला आहे, तो मिठाचा. गोड्या पाण्यातील पुष्कळ परोपजीवींना खारटपणा सोसत नाही; म्हणून आणलेले बीज तळ्यात सोडण्यापूर्वी शेकडा दोन-तीन मिठाच्या पाण्यात काही क्षण बुडवून काढणे हा आजही उत्तम शिरस्ता होय. माशाच्या उवेचे प्रकरण अधिक चिवट असते. ती चपटी, दोन चूषकांनी चिकटणारी, नुसत्या डोळ्यांना दिसणारी. पण अंडी घालण्यासाठी ती मासा सोडून कठीण पृष्ठभागाकडे जाते. याचाच फायदा घेऊन तळ्यात बांबू रोवून ठेवतात, आणि त्यांवर अंड्यांच्या रांगा दिसल्या की ते उपसून कडक उन्हात वाळत टाकतात.