गॅस की लाइट?

आईच्या पायमशीनचं बिडाचं पायडल तुटलं. ते मी तोडलं, असं घरातल्या सर्वांचं मत आहे. माझ्या मते मी फक्त मशीन सरकवत होतो. ज्या पायडलावर आईनं आम्हा तिघा भावंडांच्या शाळेच्या फिया काढल्या, ते माझ्या एका धक्क्यात दुभंगलं. आई काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तुकडे पिशवीत घालून वेल्डिंगवाल्याकडे गेलो. ‘साधा की मसाला?’ या थाटात त्यानं विचारलं, “काका, गॅस की लाइट?”

मी जाणकार चेहऱ्यानं म्हणालो, “पक्कं असेल ते!”

दिल्लीचा सुमारे १६०० वर्षांचा लोहस्तंभ घडवणाऱ्यांना हा पेच नव्हता. लोखंडाचे गोळे तापवायचे आणि घणानं ठोकून एकजीव करायचे, की झालं! पुढं १८८०च्या दशकात रशियातल्या बेनार्दोस यांनी कोळशाची कांडी आणि वीज यांच्या जोरावर लोखंड सांधलं, ही लाइट. १९०३ साली फ्रान्समध्ये फूशे आणि पिकार यांनी ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत कारागिराच्या हाती दिली, हा गॅस. तेव्हापासून गिऱ्हाइकाची झोप उडाली.

आणि ‘पक्कं’ म्हणजे तरी काय? १६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शांत उभं असलेलं ‘स्केनेक्टडी’ हे कोरं करकरीत तेलवाहू जहाज मोठा आवाज करून मधोमध फाटलं. पोलाद थंडीत ठिसूळ होणारं. रिव्हेट मारलेल्या जहाजात भेग बहुधा पत्र्याच्या कडेशी थबकते. इथं वेल्डिंगनं सारं जहाज एकसंध झालेलं, त्यामुळं तिला अडवणार कोण? एकत्र कुटुंबातल्या भांडणासारखी ती थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचली.

“काका, हे बीड आहे,” वेल्डिंगवाला म्हणाला. “लाइटचा एकदम चटका बसला की जोडाच्या शेजारी तडकतं. गॅसवर पितळ भरतो. बीड वितळवायचंच नाही.”

त्यानं पायडल हळूहळू सगळीकडून तापवलं, पितळ भरलं आणि गार व्हायला राखेत पुरून ठेवलं. घाई माझीच चालली होती.

घरी आईनं पिवळ्या सांध्यावर पाय ठेवला. मशीन खडखडलं, चाललं. मग ती म्हणाली, “पुन्हा याला हात लावलास तर बघ!”

माझा जीव भांड्यात पडला.