ग्रॅनी चौकोनाचे पांघरूण

क्रोशाच्या सुईने मध्यापासून बाहेर, फेरीवर फेरी घालत विणलेल्या चौकोनांचे लोकरी पांघरूण. अमेरिकेत क्रोशाच्या अशा पांघरुणांना ‘अफगाण’ म्हणतात. तीन-तीन खांबांचे गुच्छ, त्यांमधल्या मोकळ्या जागा आणि चार कोपरे एवढ्यावर सारा नमुना उभा असतो. एकच चौकोन हवा तेवढा वाढवून किंवा लहान चौकोन जोडून, अशा दोन्ही रीतींनी ते करतात.

इतिहास : क्रोशाकामाच्या उगमाविषयी एकमत नाही. या चौकोनाची सर्वांत जुनी छापील कृती म्हणून ‘प्रेअरी फार्मर’ या अमेरिकी शेतीविषयक पत्राच्या १८८५ मधील अंकाचा उल्लेख सहसा केला जातो. इंग्लंडमध्ये वेल्डनच्या हस्तकला-मालिकेत ती १८९७ मध्ये आली. छापण्याआधी ती घरोघरी विणली जात असणार, हे उघड आहे. १९७० च्या दशकात ती अंगरखे, पिशव्या, टोप्या अशी सर्वत्र पसरली. ‘रोझॅन’ (१९८८–९७) या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतील सोफ्यावर असेच पांघरूण असे.

विणकृती : चार ते सहा साखळ्यांचे कडे करून मुक्या टाक्याने बंद करतात. तीन साखळ्या हा पहिला खांब धरून कड्यात तीन खांबांचे चार गुच्छ घालतात. प्रत्येक दोन गुच्छांमध्ये दोन साखळ्या, तोच कोपरा. पुढच्या फेऱ्यांत कोपऱ्यात तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब आणि बाजूच्या प्रत्येक मोकळ्या जागेत एक गुच्छ. सुई आधीच्या फेरीच्या टाक्यात न घालता मोकळ्या जागेत घालतात. त्यामुळे थोडी जाडबारीक लोकर किंवा नवखा हातही या नमुन्यात खपून जातो. कोपरा मात्र चुकवता येत नाही. तो विसरला की चौकोन वाटोळा होऊ लागतो. छापील कृती वापरताना ती कोठली आहे ते पाहावे, कारण अमेरिकी ‘डबल’ म्हणजे ब्रिटिश ‘ट्रेबल’, दोन्हींचा अर्थ आपला साधा खांब.

आखणी : खरे कौशल्य येथेच लागते, पण बहुतेक पुस्तके रंगांच्या चित्रांवर भर देऊन हा भाग उरकतात. प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीपेक्षा बारा खांब वाढतात. दहाव्या फेरीअखेर एकूण ६६० खांब होतात, विसाव्या फेरीअखेर २,५२०. म्हणजे बाजू दुप्पट केली की लोकर जवळजवळ चौपट लागते. अखंड चौकोनाचे माप कधीही वाढवता येते : बाळाच्या दुपट्यावर थांबावे किंवा पलंगभर न्यावे. मात्र सतत एकाच बाजूने विणल्यास तो पिळवटतो. दर फेरीनंतर काम उलटून घेतल्यास पीळ जातो.

जोडपांघरुणासाठी १५ सेंमी.चे ८० चौकोन (८ × १०) घेतल्यास, काठ सोडून १२० × १५० सेंमी. माप मिळते. आधी एक चौकोन विणून मोजावा. फेरीगणिक रंग बदलणाऱ्यांनी टोकांचाही हिशेब करावा : पाच रंगांच्या एका चौकोनात दहा टोके, ८० चौकोनांत ८००. ती विणता विणताच आत घ्यावीत, शेवटावर ठेवलेली पांघरुणे ट्रंकेतच राहतात.

उरल्यासुरल्या लोकरीचे विजोड रंग एकत्र नांदावेत म्हणून शेवटची फेरी सर्व चौकोनांना एकाच रंगाची देतात. काळा रंग रूढ आहे, पण त्यात टाके दिसत नाहीत आणि डोळे शिणतात. गडद निळा किंवा मळकट पांढरा सोयीचा.

जोडणी : सुईदोऱ्याने, मुक्या खांबांनी किंवा शेवटची फेरी विणतानाच शेजारच्या चौकोनात अडकवून. तिसरी रीत सर्वांत मऊ.

भारतात : महाराष्ट्रात क्रोशा मुख्यतः सुती दोऱ्याचा, तोरणे व रुमालांचा. चेन्नईत २०१६ मध्ये स्त्रियांनी विणलेले चौकोन जोडून ११,१४८.५ चौ. मी.च्या क्रोशा पांघरुणाचा गिनेस विक्रम झाला.

निगा : अस्सल लोकर थंड पाण्यात धुऊन सपाट वाळवावी. अ‍ॅक्रिलिकला गरम इस्त्री टेकवू नये, ते चपटे होते आणि पुन्हा फुलत नाही.