वाछि तो

वडकबाळच्या पुलावर तुम्ही सीना ओलांडता, मंद्रूप मागं टाकता आणि विजापूरचा मोठा रस्ता सोडून हत्तरसंग कुडलच्या दिशेनं वळता, तेव्हा पौषातली सकाळ अजून नीट उजाडलेली नसते. सोलापूर इथून सुमारे ४० किलोमीटर मागं राहिलंय. शेवटचा टप्पा पायीच करायचा, हे तुम्ही काल रात्रीच ठरवलंय. खांद्याच्या पिशवीत दोन कडक भाकरी आहेत, शेंगाचटणी आहे. पायाखाली काळी माती आणि दोन्ही बाजूंना हुरड्यात आलेली ज्वारी. तिच्या पानांवरचं दंव पोटऱ्यांना लागतं आणि चालण्याला आपोआप वेग येतो.

उजवीकडं, दूर, भीमा. डावीकडं सीना. या दोघींच्या बेचक्यातून तुम्ही खाली उतरताय आणि दर पावलाला त्या एकमेकींच्या जवळ सरकतायत.

मग एकेक गोष्ट कमी होऊ लागते.

आधी आवाज जातो. नदीकाठच्या पाणी उपसणाऱ्या मोटारींची घरघर थांबते, विजेचे खांब नाहीसे होतात आणि उसाचे फड जिथं होते तिथं कोरडवाहू रान पसरतं. वर उजनीचं धरण उरलेलं नाही. १९८० पूर्वीची भीमा तुमच्या उजव्या हाताला मोकळी वाहतेय, पावसाळ्यात दांडगी आणि आता पौषात वाळूतून वाट काढणारी. थोडं पुढं गेलात की बांधावरची वेडी बाभूळ जाते. दीडशे वर्षांपूर्वी परदेशातून येऊन तिनं हा सगळा मुलूख व्यापला होता. ती गेल्यावर आकाश केवढं मोठं दिसतं! उरतात ती इथलीच झाडं: हिवर, बोर, लिंब, आपली देशी बाभूळ. पलीकडच्या माळावर कुसळी गवत वाऱ्यावर एका अंगाला झुकतं आणि त्यातून एक उंच, पांढऱ्या मानेचा पक्षी सावकाश चालत जातो. तुमच्या काळात नान्नजच्या अभयारण्यात तासन् तास दुर्बीण लावूनही ज्याचं दर्शन होत नाही, तो माळढोक. एक नव्हे, चार. तुम्ही थबकता. ते तुमच्याकडं पाहतही नाहीत.

भूक लागते म्हणून बांधावर बसून फडकं सोडता. भाकरी आहे, चटणी नाही.

असू शकत नाही. भुईमूग आणि मिरची ही दोन्ही पिकं अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजं या किनाऱ्याला लागल्याशिवाय ती इथं पोहोचायची नाहीत आणि वास्को द गामा १४९८ मध्ये यायचाय. ज्या चवीला तुम्ही सोलापूरची ओळख म्हणता, ती चव या मातीला अजून ठाऊकच नाही. बाजूच्या शेतातली बाई न विचारता तुमच्या भाकरीवर चिमूटभर कुटलेले तीळ ठेवते. मीठ आहे. तिखटासाठी मिरी असते, पण ती श्रीमंताघरी. ज्वारी मात्र ज्वारीच आहे. मालदांडी हे नाव तिला अजून मिळालेलं नाही, पण दाताखालची चव ओळखीची आहे. तुम्ही तो घास फार वेळ चघळत राहता.

बाई काहीतरी विचारते. अर्धे शब्द कन्नड, अर्धे तुमच्या आजीच्या बोलण्यासारखे. अर्थ लागत नाही, पण हेल कळतो, कारण सोलापूरच्या बाजारात आजही एक वाक्य दोन भाषांत सुरू होतं आणि तिसऱ्या भाषेत संपतं. ती नदीच्या टोकाकडं हात करते. तिकडूनच दगडावर टाकी पडल्याचा आवाज येतोय.

शके ९४०. कालयुक्त संवत्सर. इसवी सनाचं १०१८ वं वर्ष. चालुक्यांचा जयसिंह गादीवर येऊन तीन वर्षं झालीत. पुढं ज्याचं सोलापूर होईल ते सोन्नलगी नावाचं गाव आहे, पण तिथं सिद्धरामेश्वर जन्मायला अजून शतक जायचंय. तलाव खोदलेला नाही, नंदीध्वज निघालेले नाहीत. ज्ञानेश्वरी लिहिली जायला २७२ वर्षं आहेत. मराठी लोक बोलतात, भांडतात, लेकरांना तिच्यात झोपवतात. दगडावर कोरायची वेळ आली की मात्र या मुलखात मान संस्कृतचा आणि कन्नडचा.

आणि इथं, दोन नद्या जिथं एक होतात त्या काठावर, संगमेश्वराचं देऊळ उभं आहे. दगड नवा दिसतो. खांबांच्या कडा इतक्या धारदार की हात लावायला भीती वाटावी. सभामंडपात लाकडी परांची बांधलीय आणि तिच्यावर एक पाथरवट मान मागं टाकून तुळईवर काम करतोय. कुणीतरी गेरूनं अक्षरं आखून दिलीत; तो त्यांच्यावरून टाकी चालवतोय. कदाचित त्याला स्वतःला वाचता येत नसेल. त्याला फक्त वळणं माहीत आहेत: कुठं खोल जायचं, कुठं हात हलका ठेवायचा. दगडाची पूड त्याच्या पापण्यांवर बसलीय. तुम्ही खाली उभे राहता आणि ती तुमच्याही केसांत पडते.

शेवटची ओळ राहिलीय. एका दमात कोरता येईल एवढीच.

वाछि तो विजेया होईवा.

जो वाचेल तो विजयी होईल.

इथं थोडं थांबा, घाई करू नका. शिलालेख नेहमी कुणाविषयी बोलतात? राजाविषयी, दात्याविषयी, दान दिलेल्या जमिनीविषयी. आणि शेवटी धाक: हे मोडाल तर असं होईल. अलिबागजवळच्या आक्षीचा मराठी लेख शके ९३४ चा मानतात, म्हणजे जवळजवळ याच पिढीतला. त्या दगडावर गाढवाचा शाप कोरलाय. तोही आपल्याच भाषेचा, आणि शाप देण्यामागची भीतीही खरी होती. पण इथं, संगमावर, कुणीतरी शेवटची ओळ वाचणाऱ्याला दिली. तो कोण असेल, कधी येईल, कुठल्या जातीचा, कुठल्या राज्यातला, याची काहीही चौकशी न करता. वाच, एवढीच अट.

इंग्लंडात विल्टशायरमध्ये माणसं रिजवे नावाच्या प्राचीन वाटेनं दिवस दिवस चालतात आणि एव्हबरीच्या दगडी वर्तुळांपाशी पोहोचतात. तिथल्या पायवाटांवरून चालण्याचा हक्क लोकांनी कायद्यानं राखलाय, आणि मला त्याचा मनापासून हेवा वाटतो. पण ते प्रचंड दगड मुके आहेत. उभे करणाऱ्यांची भाषा कुणालाही ठाऊक नाही. तुम्ही मंद्रूपकडून चालत आलात त्या वाटेच्या टोकाला दगड बोलतो, तुमच्या भाषेत, तुमच्याशी. अशा वाटेवर एक साधी दिशादर्शक पाटीही लावायला आपल्याला इतकी वर्षं का लागावीत?

पाथरवट खाली उतरतो, परांची सोडवली जाते, आणि मग वर्षं पाण्यासारखी जातात. पूर येतात. गाळ चढतो. राज्यं बदलतात, देवळाचे खांब काळवंडतात. शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात माती भरते आणि तिच्याखाली एक शिवलिंग दडतं. ते १९९९ मध्ये माती काढताना हाती लागतं: जवळजवळ दोन मीटर उंच, साडेचार टनांचं, अंगावर ३५९ मुखं. रांगांमागून रांगा, हाताच्या पंजाहूनही लहान चेहरे. आज बहुतेक लोक ते बघायलाच येतात आणि ते बघण्यासारखंच आहे.

तुळईवरची ओळ मात्र मान वर केल्याशिवाय दिसत नाही. मान वर करणारा माणूस सोलापूरचाच निघाला. आनंद कुंभार यांनी या भागातल्या गावागावांतले शिलालेख शोधले, वाचले, त्यांची नोंद केली. कुडलची ही ओळ त्यांनी वाचली आणि मराठीचा शके ९४० चा लिखित पुरावा सोलापूरच्या मातीत उभा केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला त्या दिवशी पहिला पेढा या तुळईखाली ठेवायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

तुम्ही आता पुन्हा तुमच्या काळात आहात. मोटारींची घरघर परतलीय. दगड गार आहे आणि मंडपात वटवाघळांचा वास आहे. बाहेर भीमा आणि सीना एक होऊन पुढं निघाल्यात. पलीकडचा काठ कर्नाटकाचा. पिशवीत चटणीही परत आलीय, भाकरी मात्र एकच उरलीय.

तुम्ही मोबाईलचा दिवा तुळईवर धरता. आजीबरोबर दर्शनाला आलेली एक मुलगी, तिसरी-चौथीतली, गणवेशावर स्वेटर घातलेली, शेजारी येऊन उभी राहते.

"काय लिवलंय ओ तिथं?"

तुम्हाला सांगता आलं असतं. पण तुम्ही दिवा थोडा तिरपा करता, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली भरते.

"तूच बघ. कुठलं अक्षर ओळखता येतंय?"

ती डोळे बारीक करते. तिची आजी गाभाऱ्यातून हाक मारते, ती "आले की" म्हणते आणि हलत नाही. बोट हवेत वर धरून ती दगडावरची वळणं लांबूनच गिरवते.

"वा," ती म्हणते. मग बराच वेळ काही नाही. मग, "छि... तो..."

पुढची अक्षरं झिजलीत. ती मान आणखी मागं टाकते आणि तुमचा हात धरून दिवा जरा डावीकडं सरकवते.