मारणाऱ्याच्या मनाचे काय ?



कलिंगच्या लढाईची गोष्ट आपल्या विहारात दरवर्षी सांगितली जाते. लाख माणसे मेली, सम्राट अशोक बदलला, एवढे आपल्या पोरांनाही पाठ आहे. पण जो मारतो त्याच्या मनाचे पुढे काय होते, याचा विचार आम्ही फारसा करीत नाही. म्हणून हे चार शब्द.

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर, इ.स.पूर्व २६१ च्या सुमारास, अशोकाने कलिंग जिंकले. तेराव्या शिलालेखात हिशेब त्यानेच दिला आहे. दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. जिंकलेला राजा आपले पोवाडे गाऊन घेतो. हा राजा दगडावर कोरून पश्चात्ताप सांगतो. आता त्याच्या शंभराव्या, हजाराव्या हिश्श्याएवढी माणसे मेली तरी आपल्याला जड जाईल, असे म्हणतो.

पण खरे ते सगळे सांगावे. अशोकाने कलिंग परत दिले नाही. खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, हा तेरावा लेख नाहीच. तिथे वेगळे लेख आहेत. ज्यांची माणसे मारली त्यांच्यासमोर तोंड उघडणे सोपे नसावे, असे आम्हाला वाटते. तरी त्याने पुन्हा अशी लढाई केल्याची नोंद नाही.

आता याच्या उलट उदाहरण बघा. १९४१ साली हिटलरच्या जर्मनीने रशियावर स्वारी केली. सैन्यामागून खास तुकड्या गेल्या. त्यांनी ज्यू पुरुष, बायका, लेकरे खड्ड्यांच्या काठावर उभी करून गोळ्या घातल्या. ऑगस्ट १९४१ मध्ये त्यांचा वरिष्ठ हिमलर याने मिन्स्कजवळ अशी कत्तल स्वतः पाहिली. तिथला अधिकारी बाख-झेलेव्स्की याने नंतर साक्षीत सांगितले की, ही आमची माणसे आता आयुष्यातून उठली, असे आपण हिमलरला म्हणालो होतो. १९४२ मध्ये तो स्वतःच इस्पितळात होता. आपण करवलेल्या कत्तलींची दृश्ये त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

मग हिमलरने काय केले ? मारणे थांबवले ? नाही. मारणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून दुसरी रीत शोधायला लावली. त्यातून विषारी वायूच्या मोटारी आल्या, पुढे लाखोंचे बळी घेणाऱ्या वायूच्या खोल्या आल्या.

मेलेल्यांचे दुःख आधी, हे आम्ही विसरत नाही. सगळ्याच मारेकऱ्यांना टोचणी लागते असेही नाही, कित्येक सरावले. पण टोचणी लागते ही गोष्ट खरी. २००२ साली रेचेल मॅकनेर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मारणाऱ्याच्याच मनावरील आघातावर पुस्तक लिहिले.

आम्ही गिरणीत साचे चालवले. साच्याचा आवाज बदलला की साचा बंद करून जॉबरला हाक मारायची, ही रीत. कानात कापूस घालून साचा चालू ठेवला तर नुकसान ठरलेले. मनाची टोचणी हा तसाच आवाज आहे. अशोकाने तो ऐकून साचा थांबवला. हिमलरने कानात कापूस घातला.

पंचशीलातले पहिले शील आपण रोज म्हणतो. ते मरणाऱ्याला वाचवते, तसे मारणाऱ्यालाही वाचवते. उद्या कोणी आपल्या पोराच्या हातात दगड दिला, तर त्याला हे दोन्ही सांगा.

जय भीम !